स्वस्थवृत्त : देवगिरीपासून वाघोलीपर्यंत

वाघोलीत येऊन आयुर्वेदावर बोलायचं म्हणजे आळंदीत ज्ञानेश्वरी सांगायला बसण्यासारखं आहे. याच गावात भारतीय संस्कृती दर्शन ट्रस्टचं आयुर्वेद रुग्णालय आणि कर्करोग संशोधन केंद्र आहे. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो, आम्ही वैद्य नाही. आमचा विषय तत्त्वज्ञान. गुडघेदुखीवर कोणतं तेल लावावं, हे व्याख्यान संपल्यावर आम्हाला विचारू नका, वैद्यांना विचारा. आम्ही सांगणार आहोत तो एका विचाराचा इतिहास. निरोगी माणसाने निरोगी कसं राहावं, या विचाराचा. त्याला आयुर्वेदात 'स्वस्थवृत्त' म्हणतात. आजकाल त्याच्याच जवळपासचा 'वेलनेस' हा शब्द नगर रस्त्यावरच्या फलकांवर दिसतो. या दोन शब्दांत फरक काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आधी 'स्वस्थ' हा शब्द पाहू. स्व म्हणजे आपण, स्थ म्हणजे स्थिर असलेला. जो आपल्या ठिकाणी आहे तो स्वस्थ. मराठीत आपण 'जरा स्वस्थ बस' म्हणतो, तेव्हा नकळत मूळ अर्थच वापरतो. सुश्रुताने स्वस्थ माणसाचं लक्षण दिलंय. दोष समतोल हवेत, अग्नी म्हणजे पचनशक्ती सम हवी, धातू आणि मल यांची कामं नीट चालायला हवीत. इथपर्यंत सगळं शरीराचं झालं. पण सुश्रुत इथे थांबत नाही. आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न असायला हवं, हेही तो त्याच व्याख्येत घालतो. म्हणजे रक्ताच्या सगळ्या तपासण्या व्यवस्थित आल्या आणि माणूस मात्र आतून कुढतोय, तर सुश्रुत त्याला स्वस्थ म्हणणार नाही.

चरक आणखी एक पाऊल पुढे जातो. आयुष्याचे तो चार प्रकार करतो : सुखाचं, दुःखाचं, हिताचं आणि अहिताचं. सुखायु म्हणजे शरीर धड आहे, बळ आहे, पैसा आहे, उपभोग आहेत. हितायु म्हणजे जो इतरांचं भलं चिंततो, खरं बोलतो, विचार करून वागतो, त्याचं आयुष्य. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे थबकायलाच होतं. एका वैद्यकाच्या ग्रंथाने, माझं सुख आणि माझं हित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अगदी आरंभी सांगून ठेवलंय. वेलनेसच्या जाहिरातीत सुखायु भरपूर सापडेल. हितायु शोधून पाहा.

आता तत्त्वं थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेकांनी ऐकलेली आहेत. वात, पित्त, कफ हे तीन दोष. वात हालचालीचा, पित्त पचनाचा आणि उष्णतेचा, कफ स्थैर्याचा आणि ओलाव्याचा. प्रत्येकात या तिघांचं प्रमाण जन्मतःच वेगळं असतं, ती त्याची प्रकृती. शिवाय वर्षाचे सहा ऋतू दोषांना खालीवर करतात. वात उन्हाळ्यात साठतो आणि पावसाळ्यात बिघडतो. पित्त पावसाळ्यात साठतं आणि शरदात उसळतं. कफ थंडीत साठतो आणि वसंतात पातळ होऊन त्रास देतो. म्हणून दिवसाचं वागणं ती दिनचर्या आणि ऋतूप्रमाणे बदलणारं वागणं ती ऋतुचर्या. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आणि तिसरा ऋतुचर्येचा आहे. औषधं पुढे येतात, वागणं आधी.

हा वाग्भट साधारण सातव्या शतकातला. त्याचा ग्रंथ तिबेटी भाषेत गेला, केरळात घराघरांत गेला. महाराष्ट्रात त्याचा सगळ्यात मोठा वाचक कोण होता? देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री. आपण त्याला हेमाडपंत म्हणतो. 13व्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या दरबारात तो होता. बिनचुन्याची दगडी देवळं, मोडी लिपी, अगदी बाजरीसुद्धा लोकांनी त्याच्या नावावर टाकलीय. त्यातलं किती खरं, हा वेगळा विषय. पण त्याने अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली, हे निश्चित. वाघोलीकरांना हेही आवडेल की, ज्या पिलाजी जाधवरावांची समाधी तुमच्या वाघेश्वराच्या देवळापाशी आहे, ते जाधव घराणं परंपरेने आपलं नातं देवगिरीच्या यादवांशीच सांगतं.

आता गंमत पाहा. याच हेमाद्रीने 'चतुर्वर्गचिंतामणी' नावाचा प्रचंड ग्रंथ लिहिला. व्रतं, दानं, तीर्थं, श्राद्धं, काल, सगळं त्यात आहे. आपले अनेक सणवार आणि उपासतापास त्याच्या व्रतखंडात नोंदलेले आहेत. आणि आयुर्वेदाच्या टीकेच्या आरंभी तो स्वतःच सांगतो की, चतुर्वर्गचिंतामणी लिहिणारा जो मी, तोच ही टीका लिहितोय. कशासाठी? तर त्या ग्रंथात सांगितलेली व्रतं आणि दानं पार पाडायला आरोग्य लागतं, म्हणून. म्हणजे व्रतं आरोग्यासाठी, असं तो म्हणत नाही. आरोग्य व्रतांसाठी, असं म्हणतो. हा क्रम लक्षात ठेवा. आज व्हॉट्सअ‍ॅपवर नेमका उलटा क्रम फिरत असतो. आपल्या पूर्वजांनी प्रत्येक सण आरोग्यासाठीच काढला, असा. दोन्ही विषयांवर अधिकाराने लिहिणारा माणूस मात्र तसं म्हणत नाही.

तर मग सण आणि ऋतुचर्या यांचा काही मेळ आहे की नाही? आपण तपासून पाहू. गुढीपाडव्याला कडुलिंबाची पानं खातो. चैत्र म्हणजे वसंत, कफाचा काळ, आणि वसंतात कडू, तिखट, तुरट रस घ्यावेत असं ग्रंथ सांगतो. मेळ बसला. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मिसळीची भाजी. संक्रांतीला तिळगूळ. थंडीत अग्नी प्रखर असतो, त्याला स्निग्ध आणि बळकट अन्न द्यावं, असं ग्रंथ सांगतो. इथेही मेळ बसला. आता दिवाळी घ्या. वाग्भटाच्या गणनेत आश्विन आणि कार्तिक म्हणजे शरद ऋतू. शरदात काय टाळावं, याची यादी त्याने दिलीय. त्यात तेल आहे, दही आहे, पोट तुडुंब भरणं आहे, दुपारची झोप आहे. आणि आपण नेमकं काय करतो? चकल्या, कडबोळी, शंकरपाळे, दुपारी पोटभर फराळ आणि वर तासभर झोप! पहाटेच्या अभ्यंगस्नानाचं काही समर्थन करता येईल, फराळाचं करणं अवघड आहे.

उपासाचं तर विचारूच नका. आषाढी एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. आज बाजारात मिळणारा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणे तिकडचेच. बटाटा तिकडचा आणि त्याचं नावही पोर्तुगीजांकडून आलेलं. हिरवी मिरची तिकडची. हेमाद्रीच्या ताटात यातलं काहीही नव्हतं. म्हणजे आपला सगळ्यात सोवळा पदार्थ हा समुद्रापलीकडून आलेल्या पाहुण्यांचं संमेलन आहे.

हे आम्ही सणांची टिंगल करायला सांगत नाही. फराळ आम्हालाही आवडतो. मुद्दा असा की, परंपरा म्हणजे कोणी एकदाच करून ठेवलेली नियमांची यादी नव्हे. लोक खात होते, पाहत होते, बदलत होते. वैद्यही तेच करत होते. 16व्या शतकातल्या भावप्रकाशात 'फिरंग' नावाच्या नव्या रोगाचं वर्णन येतं आणि त्यावर चोपचिनी हे बाहेरून आलेलं औषधही येतं. नवा रोग आला, नवं द्रव्य आलं, ग्रंथाने जागा करून दिली.

मग या शास्त्रात टिकाऊ काय आहे? आमच्या मते एक शब्द : मात्रा. चरकाच्या पाचव्या अध्यायाचं नावच मुळी 'मात्राशितीय' आहे, मोजून खाण्याविषयी. किती खावं? चरक एके ठिकाणी पोटाचे तीन भाग कल्पितो : एक घन अन्नाला, एक पातळ पदार्थांना, एक दोषांना वावरायला मोकळा. वाग्भट चार भाग करतो : दोन अन्नाला, एक पाण्याला, एक वायूसाठी रिकामा. दोघांचा हिशेब जुळत नाही, आणि त्यामुळे आयुर्वेद कोसळला असं कोणालाही वाटलं नाही. कारण दोघांचं म्हणणं एकच आहे, थोडी जागा ठेवा. आपल्या आज्या म्हणायच्या, दोन घास कमी खावेत. तेच ते.

व्यायामाचंही तसंच. बलवान माणसाने, स्निग्ध खाणाऱ्याने, थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा. इतर ऋतूंत त्याहून कमी. अति व्यायाम केला तर तहान, धाप, क्षय मागे लागतात, असा इशाराही आहे. वाईट सवय सोडायची तर तिचाही हिशेब आहे. एकदम सोडू नये, चौथा हिस्सा किंवा चौथ्या हिश्श्याचाही चौथा हिस्सा, असं क्रमाने सोडावी आणि तितकंच चांगलं जोडत जावं. ज्यांना दिवसाला आठ कप चहा लागतो त्यांनी हा उपाय करून पाहायला हरकत नाही. तो फुकट आहे.

दुसरा टिकाऊ विचार वेगांचा. चरकाने तेरा नैसर्गिक वेग सांगितलेत जे अडवू नयेत. लघवी, शौच, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, झोप, अश्रू वगैरे. आणि लगेच दुसरी यादी दिलीय, जे वेग अडवलेच पाहिजेत अशांची : लोभ, शोक, भय, क्रोध, मत्सर, दुसऱ्याला लागेल असं बोलणं. आता आपलं जगणं पाहा. नगर रस्त्यावर दोन तास अडकलेला माणूस पहिल्या यादीतले सगळे वेग अडवून बसतो आणि दुसऱ्या यादीतले सगळे मोकळे सोडतो. हॉर्नचा आवाज हा त्याचाच पुरावा आहे.

आणि हे चरकाला माहीत होतं! सिद्धिस्थानात तो सांगतो की काही माणसं कायमचीच आजारी असतात. कोण? वेदपाठी ब्राह्मण, राजाचे नोकर, वेश्या आणि व्यापारी. कारण त्यांची वेळ त्यांच्या हातात नसते. ते वेग अडवतात, अवेळी जेवतात. लक्षात घ्या, दोष त्यांच्या स्वभावाचा सांगितलेला नाही, कामाच्या रीतीचा सांगितलाय. या जुन्या यादीत आज कोण बसतं? खराडीच्या आयटी कंपनीत रात्रपाळी करणारी मुलगी बसते. दिवसभर दुचाकीवरून डबे पोचवणारा मुलगा बसतो. वाघोलीच्या खाणींत दगड फोडणारा मजूर बसतो.

मग एक अवघड प्रश्न विचारावा लागतो. दिनचर्या नेमकी कोणाची? हेमंत ऋतूत केशर आणि कस्तुरीचा लेप लावावा, अगरूचा धूप घ्यावा, रेशमी आणि लोकरी पांघरूण घ्यावं, असं वाग्भट लिहितो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे श्रीमंत गृहस्थ आहे, हे कबूल करायला हवं. ही परंपरा आपल्याला प्रिय आहे म्हणून तिचं वर्गचरित्र झाकून ठेवू नये. पण त्याच ग्रंथात दुसरंही आहे. दुपारी झोपू नये असा नियम सांगितल्यावर वाग्भट सवलतींची यादी देतो. ओझी वाहून दमलेल्यांनी झोपावं. वाट चालून दमलेल्यांनी झोपावं. म्हातारे, लहान मुलं, अशक्त, शोकाने किंवा भीतीने थकलेले, यांनी झोपावं. बोलून दमलेल्यांनीही झोपावं, असं त्यात आहे. प्राध्यापक मंडळींची त्याने मोठीच सोय केलीय! आणि रात्री जागरण घडलं तर? जितका वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता, झोपा, असं तो सांगतो. रात्रपाळीवाल्यांनी पहाटे साडेचारला उठावं, असा हट्ट त्याचा नाही. पहाटे उठण्याचा नियम त्याने 'स्वस्थ' माणसाला घातलाय, आणि अष्टांगसंग्रहात तर उठताना रात्रीचं पचलंय की नाही याचा विचार करावा, अशी पुस्ती आहे. नियम आहे, पण माणूस पाहून आहे. यालाच शास्त्रात 'युक्ती' म्हणतात.

आता इतिहासाचा शेवटचा टप्पा. हा विचार पोथीतून तुमच्या-आमच्यापर्यंत कसा आला? 1880 साली डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी अष्टांगहृदयाची छापील आवृत्ती सिद्ध केली. कुंटे पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले डॉक्टर. पुढे डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांनी 'सार्थ वाग्भट' मराठीत आणला, आणि ज्याला संस्कृत येत नाही त्यालाही वाग्भट वाचता येऊ लागला. शंकर दाजी शास्त्री पदे यांनी मराठी घरांसाठी 'आर्यभिषक्' लिहिलं आणि 1907 साली नाशिकला आयुर्वेद संमेलन भरवून देशभरच्या वैद्यांची संघटना उभी केली. दोनच वर्षांनी ते गेले. पुण्यात पुरुषोत्तमशास्त्री नानल यांच्या प्रयत्नांतून 1933 साली टिळक आयुर्वेद महाविद्यालय सुरू झालं. 1938 साली मुंबई प्रांताने कायदा करून वैद्यांची नोंदणी सुरू केली. आणि याच्याही आधी, 1872 साली, पनवेलला धूतपापेश्वरचा कारखाना निघाला होता.

या माणसांचे उपकार मोठे आहेत. इंग्रजी अमलात जे शास्त्र अडगळीत जाण्याची वेळ आली होती त्याला त्यांनी छापखाना दिला, शाळा दिली, कायदा दिला. पण छापखाना आणि कारखाना यांचा एक स्वभाव असतो. ते सगळ्यांना एकच वस्तू देतात. वैद्य नाडी धरून विचारत असे : भूक कशी आहे, झोप कशी आहे, काम काय करता, राहता कुठे. बाटलीला हे विचारता येत नाही. स्वस्थवृत्तातला प्रश्न हळूहळू गळत गेला आणि उत्तर तेवढं उरलं.

याचा धोका किती खरा आहे, ते करोनाच्या काळात दिसलं. घरोघरी काढे उकळू लागले, गुळवेलीचे वेल ओरबाडले गेले. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ते गुळवेल घेत होते आणि त्यांच्या यकृताला इजा झालेली आढळली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली हे तपासलेलंच नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जातही असू शकते, असं त्यांचं म्हणणं. हा वाद आम्ही इथे सोडवणार नाही. पण दोन्ही बाजू ऐकल्यावर सामान्य माणसाला काय उरतं? वनस्पती कोणती, कोणी ओळखली, किती घेतली, किती दिवस, कोणत्या प्रकृतीच्या माणसाने, आधी कोणता आजार असताना? हे सगळे आयुर्वेदाचेच प्रश्न आहेत. ते न विचारता घेतलेली गुळवेल ही आयुर्वेद नव्हे, ती फक्त गुळवेल. 'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' हे वाक्य चरकाचं नाही. त्याने तर उलट बजावलंय की, नीट वापरलं तर जहाल विषही औषध होतं आणि चुकीचं वापरलं तर उत्तम औषधही विष होतं.

म्हणून कळकळीने सांगतो. मधुमेहाची, रक्तदाबाची चालू औषधं कोणाच्या व्हिडिओवरून बंद करू नका. काढा घ्यायचा असेल तर शिकलेल्या वैद्याला विचारून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना सांगून घ्या. आणि स्वस्थवृत्ताच्या नावाखाली कोणी महागडं पॅकेज विकत असेल तर आठवा, या शास्त्रातल्या मूळ गोष्टींना पैसे लागत नाहीत. भूक लागल्यावर जेवणं, दोन घास कमी खाणं, रात्री दही टाळणं, वेग न अडवणं, राग आवरणं, झोप पुरी करणं. पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. आणि वेळ ज्यांच्या हातात नाही त्यांना तो मिळवून देणं हे हितायु असलेल्या माणसांचं काम आहे. कारखानदाराचं, सोसायटीच्या सभासदांचं, आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना दुपारी जेवायला निवांत अर्धा तास देण्याचं. वाघोली 2021 साली पुणे महापालिकेत आली. स्वच्छ पाणी, चालायला पदपथ, सावलीला झाडं हीसुद्धा आपली दिनचर्याच आहे, ती एकट्याने पाळता येत नाही.

शेवटी दिनचर्येच्या अध्यायाचा शेवट सांगतो आणि थांबतो. हा अध्याय पहाटे उठण्यापासून सुरू होतो. दात घासणं, अंजन, अभ्यंग, व्यायाम, स्नान, कपडे, बोलणं, वागणं, सगळं सांगून होतं. आणि अगदी अखेरीस वाग्भट माणसाला एक प्रश्न स्वतःला रोज विचारायला सांगतो : माझे दिवस आणि रात्री सध्या कशा जात आहेत, आणि त्यात मी कसा होत चाललो आहे? ज्याला याचं भान रोज राहतं तो दुःखाचा धनी होत नाही, असं तो म्हणतो. नियमांचा अध्याय प्रश्नावर संपतो. हेमाद्रीने हेच वाचलं, कुंट्यांनी हेच छापलं. आज रात्री घरी गेल्यावर निजण्याआधी आपण सगळ्यांनी तो प्रश्न एकदा विचारून पाहावा, एवढीच विनंती.